दोन लाल तुकडे

तुकडा हातात पडला आणि तिच्या तळहाताला तो ओळखीचा वाटला. डोक्याला नव्हे, तळहातालाच. डोकं त्या वेळी भलतीकडे होतं. उद्या सकाळी संख्याशास्त्राची चाचणी, वहीतली चार पानं अजून कोरी, आणि इथे गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका बैठ्या इमारतीत, पदवीबरोबर हौसेनं घेतलेल्या भूशास्त्राच्या प्रमाणपत्राचा तास. बाईंनी आज टेबलावर एक लांबलचक लाकडी पेटी उघडली होती. आत चार कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात दगडाचे गोल दांडके एकापुढे एक निजवलेले. जमिनीत पोकळ नळी फिरवत खाली नेली की नळीच्या पोटात जो दगड येतो तो हा गाभा, असं बाई सांगत होत्या. कुठे मोठी इमारत बांधायची म्हटलं की आधी असा गाभा काढून बघतात, खाली काय आहे ते. सांगता सांगता त्यांनी एक तुकडा उचलून पहिल्या बाकावर दिला आणि तो फिरत फिरत तिच्याकडे आला. मातकट लाल. दगड म्हणावा तर नखानं ओरखडा उठतो, माती म्हणावी तर हातात मोडत नाही. मुठीत बरोबर मावणारा. तिनं तो नकळत नाकाजवळ नेला, आणि वास येण्याआधीच तो वास तिला माहीत होता.

"पेटी पुस्तकासारखी वाचायची," बाई म्हणाल्या. "डावीकडे वरच्या कोपऱ्यात सुरुवात, उजवीकडे ओळ संपली की खालची ओळ. मधे मधे हे लाकडी ठोकळे दिसतायत ना, त्यांच्यावर खोली लिहिलेली असते. यातला एक तुकडा जरी इकडचा तिकडे झाला, तर पेटी खोटं बोलायला लागते."

"पण मुद्दाम कोण कशाला करील असं?" वर्गातल्या पोस्टमननं विचारलं. तो ड्यूटीवरून थेट वर्गात यायचा आणि रिकामी पिशवी मांडीवर घेऊनच बसायचा.

"मुद्दाम कुणी करत नाही हो. पेटी हातातून पडते. वर मांजर येऊन बसतं. लहान पोरं घर-घर खेळतात."

वर्ग हसला. तीही हसली, आणि ते हसू अर्ध्यात कुठेतरी अडकलं. तुकडा पुढच्या माणसाला द्यायचा राहून गेला. शेजारच्या मुलीनं दोनदा कोपरानं ढोसल्यावर तिनं तो दिला आणि तळहाताकडे पाहिलं. रेषांमध्ये लाल पूड बसली होती. ती पुसायची की नाही हेच तिला कळेना, म्हणून तिनं मूठ मिटली आणि बाकीचा तास मिटलेल्या मुठीनं बसून काढला. बाई पुढे काय बोलल्या ते तिच्या कानांवरून वाहून गेलं.

ती सहा वर्षांची असताना घराच्या व्हरांड्यात अशीच एक पेटी आली होती. बाबा भोकं पाडायच्या मशीनवर होते. ड्रिलर. साइटवर रात्री पेट्यांच्या लाकडाला पाय फुटायचे, म्हणून शनिवारी काम सुटल्यावर बाबांनी ती एकच पेटी, साहेबांना न विचारता, टेम्पोत घालून घरी आणली. सोमवारी सकाळी साहेब साइटवर येऊन ती बघणार होते. रविवारी दुपारी आई आत पडद्यांच्या शिलाईला बसलेली, बाबा पेंगुळलेले, आणि व्हरांड्यात ती आणि पेटी. पेटीत सगळा नुसता गोंधळ होता. काळा, काळा, करडा, परत काळा, मधेच भोकाभोकांचा, मधेच लाल. कुणालाही वाटेल की हे कुणीतरी नीट लावायला पाहिजे. तिच्या रंगीत खडूंच्या डबीत रंग कसे एकापुढे एक असायचे, गडद आधी आणि फिके मागून. तिनं सगळे तुकडे बाहेर काढले. दोन्ही हातांनी, पोटाशी धरून, एकेक. लाकडी ठोकळे बाजूला घेऊन त्यांची माणसं केली, एकाला दुसऱ्याच्या घरी पाहुणा पाठवला. मग तुकडे रंगाप्रमाणे परत लावले. काळे पहिल्या दोन कप्प्यांत, करडे तिसऱ्यात, भोकवाले चौथ्यात, आणि सगळ्यांत शेवटी दोन लाल, कारण लाल तिचा आवडता. हे सगळं तिला कायमच आठवत होतं. आयुष्यातल्या चांगल्या आठवणींपैकी ही एक होती, कारण तिचा शेवट चांगला होता. बाबा डोळे चोळत बाहेर आले, पेटीसमोर उभे राहिले, बराच वेळ उभेच राहिले. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "छान लावलंस, मुकादम." मुकादम हे तिचं घरातलं नाव. सगळ्यांना कामं सांगत फिरायची म्हणून. त्या एका वाक्यावर ती किती वर्षं फुगून होती. शाळेत गणितात पैकीच्या पैकी पडले तरी बाबा एवढं बोलले नव्हते.

बसमध्ये खिडकीशी बसून तिनं ती आठवण पुन्हा एकदा पहिल्यापासून पाहिली, आणि या वेळी तिला बाबांच्या तोंडाचा रंग दिसला. सहा वर्षांच्या मुलीला तो दिसला नव्हता. की दिसला होता आणि तिनं तो तेव्हाच कुठे लपवून ठेवला होता? आठवणीत आपण मागाहून काय काय घालतो याचा काही भरवसा नाही. पण पुढचंही आता आठवायला लागलं, जे इतकी वर्षं शेपटासारखं मागे राहिलं होतं. बाबांनी तिला आत पाठवलं. दाराच्या फटीतून तिला दिसत होते ते: उकिडवे बसलेले, एक तुकडा उचलायचा, त्याचं मोडलेलं टोक दुसऱ्याच्या मोडलेल्या टोकाला लावून बघायचं, नाही जमलं की ठेवायचं, दुसरा घ्यायचा. तिला वाटलं होतं बाबाही खेळतायत. जेवायला हाक मारली तरी ते उठले नाहीत. आई म्हणाली, "दगडांशी लग्न लागलंय तुमचं." एरवी यावर बाबा हसले असते.

ती पेटी कुठल्या साइटची, हे विचारायची गरजच नव्हती. ती पदवीला ज्या कॉलेजात जायची त्या सात मजली इमारतीसाठी बाबांनी भोकं पाडली होती. प्रवेश मिळाला तेव्हा आईनं हे गल्लीत सगळ्यांना सांगितलं होतं, की लेक शिकणार तिथली जमीन बापानं तपासलीय म्हणून. बाबा मात्र शेजारणीसमोर नुसती मान हलवून आत निघून गेले होते. आई म्हणाली होती, "लाजतायत." रोज सकाळी कंपनीच्या वर्कशॉपला जाताना बाबा वाट वाकडी करून कॉलेजच्या मागच्या बाजूनं जातात आणि भिंतीपाशी मिनिटभर थांबतात, हेही घरात सगळ्यांना माहीत होतं. त्याची थट्टा व्हायची. "दर्शन झालं का?" आई विचारायची. एकदा कॉलेजच्या जिन्याच्या खिडकीतून तिनं स्वतः त्यांना पाहिलं होतं, भिंतीवर तळवा टेकवून उभे राहिलेले. तिला भरून आलं होतं. आपल्या हातच्या कामाचा एवढा अभिमान असलेला माणूस आपला बाप आहे, असं मैत्रिणीला सांगावंसं वाटलं होतं, आणि तिनं ते सांगितलंही होतं.

घरी पोचली तेव्हा बाबा दारातच होते. गुरुवारी ते दारात असायचे. एका कानानं त्यांना कमी ऐकू यायचं, मशीनमुळे, म्हणून ते चांगला कान पुढे करून विचारायचे, "काय शिकवलं आज?" वर्षभर दर गुरुवारी हाच प्रश्न. ती सांगायची, आज स्फटिक शिकवले, आज नकाशे शिकवले, आज होकायंत्र धरायला शिकवलं आणि पोस्टमननं ते स्वतःच्या लोखंडी बकलाजवळ धरलं तर उत्तर दिशा भलतीकडेच गेली. बाबा ऐकून घ्यायचे आणि त्यांचे खांदे जरा खाली यायचे. तिला वाटायचं, सुरुवातीला एवढा विरोध केला तरी रस घेतायत. कारण विरोध त्यांनी केला होता, चांगला तीन दिवस अबोला धरून. "एका वेळी एक काय ते नीट कर," म्हणाले होते. "आकड्यांत डोकं चालतं ना तुझं? मग मातीत कशाला घालतेस?" तिला तेव्हा त्याचा अर्थ अगदी स्वच्छ कळला होता: आपण आयुष्यभर धूळ खाल्ली, पोरीनं खाऊ नये. या समजुतीवर ती खूश होती. आपण बाबांच्या धुळीकडे मागच्या दारानं परत जातोय, असं मनाशी म्हणण्यात एक लाडिक बंडखोरी होती.

"काय शिकवलं आज?"

"काही विशेष नाही," ती म्हणाली. "जुनंच परत." आणि मूठ तशीच मिटून मोरीत गेली. नळ सोडला. पाणी लाल झालं, मग गुलाबी, मग पाण्यासारखं.

शुक्रवारी चाचणीत तिला काही सुचलं नाही. चौथा मजला, मागून दुसरा बाक, खाली सिमेंटची लादी, त्याखाली तिसरा मजला आणि त्यातली साठ-सत्तर डोकी, त्याखाली दुसरा, त्याखाली पहिला, तळघर, आणि मग? पहिलाच प्रश्न पिशवीतल्या चेंडूंचा होता, तीन पांढरे, दोन लाल, न बघता एक काढला तर वगैरे. हा प्रश्न ती झोपेतही सोडवू शकली असती. ती त्या दोन लाल चेंडूंकडे बघत राहिली. तिला एकदम वाटलं, बाक हलतोय. पाय टेकवून पाहिलं तर तिचीच टाच थरथरत होती. पुढच्या बाकावरच्या मुलीनं मागे वळून डोळ्यांनीच विचारलं, काय झालं? तिनं मान हलवली. काय सांगणार? की मी सहा वर्षांची असताना ही इमारत रंगाप्रमाणे लावली आहे? ऐकणारी हसली असती, आणि तिनं स्वतःही हसायला हवं होतं. बाबांनी तुकडे परत लावले होते की. टोकाला टोक जुळवून. मोडलेल्या दगडाचं टोक फक्त आपल्याच जोडीदाराला बसतं, हे काल बाईही सुरुवातीलाच म्हणाल्या होत्या. तिनं स्वतःला हे समजावलं, पुन्हा समजावलं, आणि प्रत्येक वेळी तळहात म्हणायचा, पण लाल तुकड्याला टोकं नव्हती. काल हातात आलेल्या तुकड्याची दोन्ही तोंडं चुरा होऊन गोलसर झाली होती. मातकट दगड असाच मोडणार. तो कुणालाही बसेल आणि कुणालाच बसणार नाही.

चाचणी संपल्यावर ती जिन्यानं खाली गेली ती मागच्या बाजूला, सायकली लावतात तिथे. भिंतीला एक तडा होता, जमिनीपासून तिरका वर पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत. तो कायमच होता. कुठल्या इमारतीला नसतात? तड्यावर, तिच्या छातीएवढ्या उंचीवर, बोटभर लांबीची एक काचेची पट्टी आडवी चिकटवलेली होती, दोन्ही टोकांना पांढऱ्या पुट्टीचे गोळे. अशी पट्टीही तिनं दोन वर्षं रोज पाहिली होती. कुणी म्हणायचं विजेवाल्यांची खूण आहे, कुणी म्हणायचं पोरांचा चावटपणा. आज ती जवळ गेली. पट्टी अखंड होती. शेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात तारीख लिहिलेली, गेल्या वर्षीची, आणि तारखेतल्या साताच्या पोटात एक आडवी रेघ. असा सात जगात एकच माणूस काढत होता. घरातल्या गॅसच्या नोंदीवर, कॅलेंडरवर, तिच्या लहानपणीच्या पुस्तकांच्या वेष्टनांवर हाच सात होता. पट्टीच्या वर आणि खाली, बोटभर अंतरावर, जुन्या पुट्टीचे आणखी चार डाग होते. म्हणजे याआधी दोन पट्ट्या होऊन गेल्या होत्या. तिनं भिंतीवर तळवा टेकवला. भिंत गार होती आणि तिला काहीही सांगत नव्हती. मग आपण कसे उभे आहोत हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं हात झटकन काढून घेतला.

शनिवारी सकाळी आई पडदे बसवायला एका घरी गेली. बाबांना त्या दिवशी दुपारची पाळी होती, ते न्हाणीघरात होते. ती मागच्या खोलीत गेली आणि पलंगाखालचे कापडाचे गठ्ठे ओढून बाहेर काढले. त्यांच्यामागे ती पेटी होती. आहे हे सगळ्यांना माहीत होतं. काम संपल्यावर कंपनीनं जुन्या पेट्या टाकून दिल्या तेव्हा बाबांनी ही एक घरी आणून ठेवली, आणि आई दर साफसफाईला म्हणायची, माझ्या पलंगाखाली डोंगर पाळलाय. पेटी तिला एकटीला उचलेना. ती तिनं रेटत, फरशीवर ओरखडे काढत खिडकीच्या उजेडात आणली आणि झाकण काढलं. चौदा वर्षांची धूळही आत गेली नव्हती, इतकं ते घट्ट होतं. सहा ते बारा मीटर. चार ओळी. ठोकळ्यांवर बाबांचे आकडे. पहिल्या ओळीत सहाचा ठोकळा, थोडा काळा दगड, मग दोन लाल तुकडे, मग परत काळा. ती फरशीवर मांडी घालून बसली, डावीकडच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि वाचायला लागली.

तीन आठवड्यांपूर्वी बाईंनी सांगितलं होतं, कुठलाही खडक भेटला की त्याला पहिला प्रश्न विचारायचा: बाबा रे, तुझी वरची बाजू कोणती? तापलेला रस जमिनीवर पसरतो, त्यातली हवा बुडबुड्यांनी वर येते आणि वरच्या थरातच अडकून राहते, म्हणून प्रत्येक थराचं डोकं जाळीदार आणि बूड भरीव. मग ते जाळीदार डोकं उन्हापावसात हजारो वर्षं उघडं पडतं, कुजतं, त्याची लाल माती होते. मग वरून दुसरा रस येतो, त्याचं भरीव बूड त्या मातीवर बसतं. म्हणून लाल कुठे सापडतं? जाळीदाराच्या डोक्यावर आणि भरीवाच्या बुडाखाली. मधे कुठेही नाही. हे तिनं वहीत चौकट करून लिहून घेतलं होतं आणि त्या दिवशी तिला त्याचा केवढा आनंद झाला होता, की दगडालाही डोकं आणि पाय असतात. पहिल्या ओळीत लालच्या वर भरीव काळा होता. लालच्या खालीही भरीव काळाच होता, एकही भोक नसलेला, गुळगुळीत, कपाळासारखा. दुसरी ओळ भरीव. तिसरी भरीव, खाली खाली करडी होत गेलेली. चौथ्या ओळीत अकराच्या ठोकळ्यानंतर जरा अंतरावर करडा संपत होता आणि पुढच्याच तुकड्याला भोकं सुरू होत होती. आधी दाट, मग विरळ. दोहोंची टोकं एकमेकांना बसत नव्हती. त्यांच्यामध्ये काहीतरी असायला हवं होतं, आणि ते वर पहिल्या ओळीत जाऊन बसलं होतं. तिनं पुन्हा वरपासून वाचलं. पेटी तेच म्हणाली. इमारतीचा पाया आठ मीटरवर होता हे तिला माहीत होतं. जेवताना कधीतरी कुणीतरी बोललेलं, घरातल्या सगळ्या गोष्टी माहीत असतात तसं. सहावरचं लाल खणून फेकलं गेलं असतं. अकरावरचं मऊ लाल तिथेच होतं, पायाच्या खाली, सात मजल्यांच्या खाली, रोज.

बाबा टॉवेलनं डोकं पुसत आले आणि दारात थांबले. तिनं वर पाहिलं नाही. त्यांच्या ओल्या पायांचे ठसे फरशीवर उमटले आणि पलंगाशी येऊन थांबले.

"पेट्या शिकवल्या वाटतं," ते म्हणाले.

"परवा."

"हं." ते पलंगाच्या कडेला बसले. "कुठेय ते?"

तिनं अकराच्या पुढच्या फटीवर बोट ठेवलं. त्यांनी मान डोलावली. त्यांना नवं असं काहीच नव्हतं, हे तिला त्या डोलावण्यातून कळलं. आत्तापर्यंत कुठेतरी तिला वाटत होतं की बाबा म्हणतील, वेडी आहेस, तुला अजून वाचता येत नाही.

"मशीन दोनदा सैल गेलं होतं, खाली मऊ लागल्यासारखं," बाबा म्हणाले. "एकदा सहाच्या खाली, एकदा अकराच्या. एक नुसती भेग असणार आणि एक हे. आत सोडलेलं पाणी वर येत असतं तर लाल पाणी कधी आलं ते दिसलं असतं. पण त्या भोकात पाणी गडपच व्हायचं, थेंब परत यायचा नाही. बाकीची टोकं मी बसवली. हे दोन काही बसेनात. सकाळी साहेब येणार. कुठेतरी ठेवायलाच हवे होते."

"आणि बाकीची भोकं?"

"चार होती. त्यात लाल लागलंच नाही. साहेब म्हणाले, छोटासा लाल मातीचा कप्पा दिसतोय, खणताना निघून जाईल."

"त्यांना सांगायचं ना. पोरीनं खेळ केला म्हणून."

"सांगायचंच होतं." त्यांनी टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "पेटी घरी न्यायची नसते. भोक परत पाडावं लागलं असतं, मला काढलं असतं. ते तर आहेच. पण तू समोर उभी होतीस. मी काय म्हणतो ते बघत. एवढीशी. मी म्हटलं, छान लावलंस. एकदा ते म्हटल्यावर मग पुढचं सगळं तसंच होत गेलं."

तिला राग आला. इतका की कानशिलं तापली. चौदा वर्षं जी शाबासकी तिनं जपून ठेवली होती ती तिला चूप करायला दिली होती, की त्यांनी स्वतःलाच चूप केलं होतं? त्यांनी तेव्हा एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं, असं तिला अगदी मनापासून वाटलं. आणि त्याच वेळी ओल्या केसांचा, एका कानानं बहिरा, टॉवेलच्या घड्या घालणारा तो माणूस तिला इतका आपला वाटला की रागाला धरून ठेवायला जागाच राहिली नाही.

"तुम्हाला कधी कळलं, की अकरावर आहे?"

"चार-पाच वर्षांनी. दुसऱ्या साइटवर. लाल लागलं की खाली जाळी लागतेच, दर वेळी. पुस्तक नव्हतं वाचलं, हातानं कळलं. घरी येऊन पेटी उघडली. तोवर सातही मजले भरले होते."

"आणि काच?"

त्यांनी पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "बघितलीस होय. काच ताणली जात नाही. भिंत केसभर हलली तरी फुटते. मी ठरवलं होतं, फुटली की त्याच दिवशी जाऊन सांगायचं. फुटली नाही तर, मुरलं सगळं, बसलं जागेवर, असं समजायचं."

"ही तिसरी आहे. दोन गेल्यात."

"एक पोरांच्या चेंडूनं गेली. मी बघितलं ना, समोरच."

"दुसरी?"

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाबांनी चांगला कान तिकडे वळवला, जणू ती घंटी ऐकणं फार गरजेचं होतं.

"मागच्या वर्षी," ते म्हणाले. "आपली आपण. सकाळी गेलो तर मधोमध चीर. मी उभा राहिलो. मग दुकानात गेलो, नवी पट्टी कापून आणली, लावली. तारीख घातली. त्याच आठवड्यात तू तो फॉर्म घेऊन आलीस, सहीला."

म्हणजे ते तीन दिवस. तो अबोला. एका वेळी एक काय ते नीट कर. तिच्या वर्षभराच्या सगळ्या समजुती एकेक करून जागा बदलत होत्या आणि ती नुसती बघत होती. दर गुरुवारी दारात उभं राहून विचारलेला प्रश्न. स्फटिक म्हटल्यावर खाली येणारे खांदे. पण मग तिला आणखी एक गोष्ट आठवली: फॉर्मवर सही त्यांनीच केली होती. चौथ्या दिवशी, न बोलता, टेबलावर ठेवून दिला होता फॉर्म. त्यांना नको असतं तर सही कुणी करायला लावली नव्हती. त्यांना स्वतःला जे जमलं नाही ते आपल्याला जमेल अशी वाट ते बघत होते, की सापडू नये म्हणून देव पाण्यात घालून बसले होते? बहुधा दोन्ही. माणसाच्या पोटात दोन्ही एकावर एक राहू शकतात.

तिनं पहिल्या ओळीतले दोन लाल तुकडे उचलले. हात आता मोठे झाले होते, दोन्ही एका हातात मावले. पहिल्या ओळीतली रिकामी जागा तशीच ठेवली, चौथ्या ओळीतले जाळीदार तुकडे बोटांनी उजवीकडे सरकवले आणि झालेल्या जागेत लाल बसवले. वर भरीव, खाली जाळी. बघायला काहीच विशेष नव्हतं. ती थांबली. आपण कशासाठी थांबलो आहोत हे तिला माहीत होतं आणि त्याची तिला लाज वाटली. बाबा उठले, कपाटातून शर्ट काढला, बटणं लावली, वरचंसुद्धा, जे ते कधी लावत नसत.

"कॉलेजचं ऑफिस शनिवारी एकपर्यंत असतं ना?"

"हो. तिथला इंजिनिअर असतो."

"मग चल, चपला घाल."

"बाबा, मी सांगते ना. तुकडे हलवले मी. तुमची नोकरी—"

"तुकडे सहा वर्षांच्या मुलीनं हलवले," बाबा म्हणाले. "सहावर ठेवले मी. काच बदलली मी. तू फक्त टोक धर."

पेटी चाळीस किलोची तरी होती. बाबांनी पुढचं टोक घेतलं, तिनं मागचं. गल्लीतून जाताना शेजारीण म्हणाली, "हे काय, बाप-लेक कुठे निघालात वऱ्हाड घेऊन?" दर शंभर पावलांवर ते पेटी टेकवायचे, हात झटकायचे, पुन्हा उचलायचे. पेटीच्या टोकांना बांधलेल्या दोरीनं बोटं कापत होती. "तुझं टोक खाली जातंय," बाबा मागे न बघता म्हणायचे, "सपाट धर, आत सरकतील." त्यांची पावलं लांब पडत होती, तिची आखूड. काही अंतर गेल्यावर ती आपोआप जुळली. मधेच तिला वाटलं, आत तुकडे हलल्याचा आवाज आला. ती थांबली, बाबाही थांबले, दोघांनी कान दिला. काही नव्हतं. रस्त्यावरची माणसं बाजूनं वाट काढत जात होती, कुणाला दुकान गाठायचं होतं, कुणाला घर.

मागचं फाटक जवळ पडतं म्हणून ते तिथूनच आत शिरले. सायकलींच्या पलीकडे ती भिंत होती, तडा होता, काचेवर ऊन पडून ती चमकत होती. तिची नजर तिकडे गेली. बाबांची गेली नाही. रोज जिथे थांबायचे तिथे ते थांबले नाहीत, एका चालीनं पुढे गेले, आणि तिला त्यांच्याबरोबर जावंच लागलं, कारण पेटी दोघांत होती.

ऑफिसात इंजिनिअर एकटाच होता, पिशवी भरून निघायच्या तयारीत. पेटी टेबलावर आली तसे त्याचे कागद खाली पडले. त्यानं झाकणाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, बाबांच्या वरपर्यंत लावलेल्या बटणांकडे पाहिलं आणि विचारलं, "काय आहे हे?"

बाबांनी झाकण उचलून भिंतीला टेकवून ठेवलं. मग चांगला कान तिच्या बाजूला येईल असे उभे राहिले.

"वाच, मुकादम," ते म्हणाले.

तिनं डावीकडच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.